एका कान्याचा फरक

पहिल्या बाकावरच्या बायका उठल्या, मग दुसऱ्या, मग आमच्या. पदर सारखा करत सगळ्या ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत शिरल्या. मी गुडघे टेकून तशीच राहिले. सासूने मला कोपराने ढोसलं.

“ऊठ ना गो.”

मी मान हलवली.

“काय झालं? सकाळी काय खाल्लंस?”

“चहा प्यायले, आये. विसरून.”

ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या आधी तासभर पोटात काही जाता कामा नये, हा नियम आमच्यात पोरासोरांनाही पाठ असतो. सासूने कपाळाला आठी घातली आणि मला ओलांडून गेली. तिच्यामागे आमची शेजारीण बेनेदिता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि वळून पाहतच पुढे गेली. बाकांवर मी आणि दोन-चार रडकी पोरं एवढीच उरलो.

मी चहा प्यायले नव्हते. पाण्याचा घोटही घेतला नव्हता. अर्ध्या तासापूर्वी फादर सिल्व्हेस्टरनी प्रवचनात सांगून टाकलं होतं, की मी आता ख्रिस्तसभेत राहिलेलीच नाही. त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. त्यांना तेव्हा ते ठाऊकही नसावं.

माझं नाव आपोलीन. गर्भपाताचा कायदा आला, त्या वर्षाची ही गोष्ट. वसईतल्या एका आळीत माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. नवरा इनास आगबोटीवर इंजिनात तेल घालायच्या कामावर होता. महिनोन्‌महिने समुद्रावर असायचा आणि घरी आला की पाहुण्यासारखा राहायचा. घरात मी आणि सासू नातालीन. सगळी आळी तिला आय म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. बाई कष्टाची आणि करारी. तिचं प्रेम कामातून कळायचं, आणि रागही कामातूनच. भांडी जरा जोरात आपटली की समजायचं, आपलं काहीतरी चुकलं आहे.

फादर सिल्व्हेस्टर मूळचे मंगळूरकडचे. मराठी सेमिनरीत शिकलेले, पुस्तकातून. त्यांना आपल्या मराठीचा फार अभिमान होता आणि आमच्या बोलीची फार काळजी. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादं पोरगं ‘नाय’ म्हणालं, की फादर थांबायचे. “नाय नव्हे बाळ, नाही.” पोरगं म्हणायचं, “हा फादर, नाय म्हणणार नाय.” सगळा वर्ग खिदळायचा, फादरही हसायचे. माणूस वाईट नव्हता. पण त्यामुळे सगळ्या गावाला एक सवय लागून गेली, की फादरांसमोर शुद्ध बोलायचं. माझी म्हातारी सासूसुद्धा त्यांच्यासमोर ‘आहे’ म्हणायची आणि घरी येईपर्यंत दमून जायची. मी तर सातवी फायनल पास. मला शुद्ध बोलण्याची हौसच होती.

त्या रविवारी ते म्हणाले, “सरकारने नवा कायदा केला आहे. कायद्याला जे चालतं ते देवाला चालतं, असं समजू नका. पोटातलं बाळ हा मांसाचा गोळा नाही, ते माणूस आहे. त्याला आत्मा आहे. त्याला स्वतःचं तोंड नाही, म्हणून ख्रिस्तसभेला त्याच्या वतीने बोलावं लागतं. गर्भपात म्हणजे खून. ज्या स्त्रीचा गर्भपात होतो, जो डॉक्टर तो करतो, जी सुईण त्याला हात लावते, ते सारे त्याच क्षणी ख्रिस्तसभेच्या बाहेर पडतात. त्यांना कोणी बाहेर काढावं लागत नाही.”

ज्या स्त्रीचा गर्भपात होतो.

तो माझा होऊन महिनाही झाला नव्हता.

सासू तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. मला तिसरा महिना लागत होता आणि मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तीन महिने सरेपर्यंत बोलू नये, दृष्ट लागते, असं आमच्यातही मानतात. क्रूसाला हात जोडणाऱ्या माणसांना दृष्ट लागत नाही, असं थोडंच आहे! इनासलाही कळवलं नव्हतं. वाडीत पानवेलीची पानं खुडत होते, आणि तिथेच ओटीपोटात कळ आली. मी वाफ्यात बसले. थोड्या वेळाने उठले तेव्हा लुगडं भिजलेलं होतं.

रक्त थांबेना म्हणून एकटीच एसटीने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होते. तपासून म्हणाले, “बाई, गर्भपात झालाय. आत थोडं राहिलं असेल, सफाई करावी लागेल.” तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. माझ्या माहेरी असले शब्द नव्हते. सफाई झाल्यावर मी नर्सला विचारलं, “ते कुठे आहे?”

“ते म्हणजे काय?”

“बाळ.”

“बाळ कुठलं आलं एवढ्यात? गोळा होता. पडून राहा.”

दुसऱ्या दिवशी बाहेर पडताना फाटकापाशी बेनेदिता भेटली. ती पोराची खरूज दाखवायला आली होती. भिंतीवर नव्या कायद्याची पाटी ताज्या रंगात लावलेली होती. तिने आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, “एकटीच आलीस?” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता खरं सांगते. फादरांचं प्रवचन ऐकताना मला आधी बरंच वाटलं होतं. पोटातलं बाळ गोळा नाही, माणूस आहे, असं कोणीतरी मोठ्याने म्हणालं होतं. मला उठून सांगावंसं वाटलं, की हो फादर, होतंच, माझं होतं. आणि पुढच्याच वाक्याला त्यांनी मला बाहेर काढलं. माझ्या बाळाला माणूस म्हणणारा जगात एकच माणूस भेटला, आणि तोच मला त्याची खुनी म्हणत होता. मी पदर तोंडावर धरला. बाजूला सासू होती.

चहाची थाप एका रविवारी चालते. दर रविवारी चहा कसा प्यायचा? शनिवारी संध्याकाळी मी कुमसाराला गेले. पापं सांगून माफी मागायची, त्याला आम्ही कुमसार म्हणतो. लाकडी पेटी, मध्ये जाळी, पलीकडे फादर. मनात वाक्य घोकून गेले होते.

“फादर, माझा गर्भपात झाला.”

फादर जाळीजवळ सरकले.

“कुठे?”

“सरकारी दवाखान्यात.”

“पतीला माहीत आहे?”

“नाही फादर. ते आगबोटीवर आहेत.”

“घरात आणखी कोणाला?”

“कोणालाच नाही.”

“तुझी तशी इच्छा होती?”

इथे मी अडखळले. कारण एका संध्याकाळी, ओट्यावर एकटी बसलेली असताना, माझ्या मनात खरंच आलं होतं: आत्ता नको. तो इथे नाही, बोलायला माणूस नाही, मी एकटी कशी काढू? आत्ता नको. एवढंच आलं आणि गेलं. पण कुमसारात खोटं बोलायचं नसतं.

“मनात आलं होतं, फादर.”

त्यांनी सुस्कारा टाकला. आवाज मात्र मऊ झाला. “मुली, तू आलीस हे चांगलं केलंस. पण या पापातून मोकळं करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. मुंबईहून बिशपांची परवानगी आणावी लागेल. मी स्वतः जाईन. नाताळाच्या आधीच्या शनिवारी ये. तोवर ख्रिस्तप्रसाद घेऊ नकोस.”

“हो फादर.”

“आणि रडू नकोस.”

पण मी रडत नव्हते. मला फक्त कळलं होतं, की मनात आलेलं देवाने ऐकलं, आणि तसंच करून दिलं.

नाताळाआधीचे चार आठवडे आम्ही देवाची वाट पाहण्यात काढतो. त्या वर्षी मी दुसऱ्याच कशाची तरी वाट पाहत होते. दर रविवारी बाक रिकामा व्हायचा आणि मी बसून राहायचे. गावात ही गोष्ट लपत नाही. कोण रविवारच्या प्रार्थनेला, मिस्साला आला नाही, कोण आला पण उठला नाही, हे बायका चूल पेटवता पेटवता एकमेकींना सांगतात. आणि बेनेदिताकडे दवाखान्याचं फाटक होतं, पाटी होती, आणि माझं ‘हो’ होतं. त्यातच फादर मुंबईला बिशपांकडे जाऊन आले. तिला फक्त दोनांत दोन मिळवायचे होते. तिने पाच केले. नवरा आगबोटीवर, सून एकटी दवाखान्यात. आता समजून घ्या.

घरात सासूची भांडी आपटायची बंद झाली. तेव्हा मला खरी भीती वाटली. संध्याकाळी आम्ही दोघी क्रूसासमोर रोजारी म्हणायचो. पाच भाग असतात, आम्ही वाटून घ्यायचो, तीन तिचे, दोन माझे. एके संध्याकाळी माझी पाळी आली आणि मी तोंड उघडलं, तर तिने न थांबता पुढचा भाग स्वतःच सुरू केला. नंतर दुसराही. मी मणी धरून नुसती बसले. त्या दिवसापासून पाचही भाग तीच म्हणायला लागली. मला कोणी शिवी दिली असती, तर मी भांडले असते. पण प्रार्थनेतून काढलं, तर भांडायचं कोणाशी?

शेवटी मीच बोलले. ती पानांच्या कवळ्या लावत होती.

“आये, तुला सांगायचं होतं. तू गेली होतीस, तवा माझं पोट पडलं.”

तिचे हात थांबले नाहीत.

“माझी पण दोन पडली,” ती म्हणाली. “इनासच्या आधी एक, नंतर एक. दुसऱ्या रविवारी मी देवळात गेले. रांगेत उठले, कम्युनियन घेतला. फादरने माझ्या डोक्यावर हात ठेवला.”

“फादरने मला थांबवलंय.”

“मग फादर उगाच थांबवणार हाय?”

“आये, शपथ घेते.”

“पडलं असतं, तर रांगेत उठली असतीस.” तिने कवळी बांधली, गाठ मारली आणि माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. माझा लेक परत आला की त्याला काय सांगू, हा प्रश्न होता. “मी कोणाला बोलले नाय, बाय. बोलणार नाय. पण मला खोटं नको सांगू.”

तिचं बरोबरच वाटत होतं. तिची दोन पडली आणि तिला पाप लागलं नाही, म्हणजे तिच्या मनात ‘नको’ आलं नव्हतं. माझ्या मनात आलं होतं. सारा हिशेब जुळत होता. त्या दिवसांत मी झोपेत पोटावर हात ठेवायचे आणि जाग आली की काढून घ्यायचे. आपला हक्क नाही, असं वाटायचं.

नाताळाआधीच्या शनिवारी मी पुन्हा त्या पेटीपाशी गुडघे टेकले. बाहेर पोरं येशूजन्माचा गोठा सजवत होती, गवत कोणी आणायचं यावरून भांडत होती. फादर म्हणाले, “परवानगी आली आहे. आता घाबरू नकोस, देव दयाळू आहे. मला थोडंसं विचारावं लागेल. तुला कोणी भाग पाडलं का?”

पुढचं मी ऐकलंच नाही. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून माझ्या ओळखीचा शब्द आला होता, आणि तो ऐकून माझं शुद्ध बोलणं कुठल्या कुठे गेलं.

“पाडलं नाय, फादर! कोणी पाडलं नाय, मी पण पाडलं नाय! पडलं!”

“हळू बोल. पडलं म्हणजे?”

“पोट पडलं माझं. वाडीत पानं खुडत होते, तिथंच. आपोआप. रक्त थांबेना म्हणून दवाखान्यात गेले. कोणी हात लावला नाय, औषध घेतलं नाय, काय केलं नाय.”

“पण तू मला म्हणालीस, गर्भपात...”

“झाला म्हणाले, फादर. डॉक्टर तसंच म्हणाला. आणि तुम्ही पण प्रवचनात तेच म्हणालात. ज्या स्त्रीचा गर्भपात होतो, ती बाहेर. माझा झाला.”

शाळेत आम्हाला ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट शिकवली होती. एका अक्षराने माणसाचा जीव गेला, असं मास्तर रंगवून सांगायचे. इथे अख्खं अक्षरही लागलं नव्हतं. पडलं आणि पाडलं यांत एका कान्याचा फरक, आणि आमच्या आळीतल्या अडाणी बाईलाही तो कळतो. शुद्ध मराठीत मात्र दोन्हीला एकच शब्द. आणि आम्ही दोघंही शुद्ध बोलत होतो.

“मी ‘करते’ म्हणायला हवं होतं,” फादर फार हळू म्हणाले. “जी करते. मी ‘होतो’ म्हणालो का?”

“हो फादर.”

“आणि इच्छा होती का विचारलं, तेव्हा मनात आलं होतं म्हणालीस, ते?”

“नवरा नाय, बोलायला कोण नाय, म्हणून एक दिवस वाटलं, आत्ता नको. तेवढ्याने पडलं का, फादर?”

“नाही. नाही, मुली. तेवढ्याने कोणाचंच पडत नाही.”

“त्याचा बाप्तिस्मा नव्हता झाला.”

“देवाला ते ठाऊक आहे. तू त्याच्यासाठी रडलीस ना? देवाला तेही ठाऊक आहे.” मग म्हणाले, “तुला मोकळं करायला मी परवानगी आणली, आणि मोकळं करण्यासारखं तुझ्याकडे काहीच नाही. उद्या ख्रिस्तप्रसाद घे. आणि जमलं तर माझ्यासाठी प्रार्थना कर.”

तेव्हा मात्र मी रडले, पोटभर. रडून झाल्यावर मला सासू आठवली.

“फादर, माझ्या सासूला एवढं सांगाल? तुम्ही सांगितलं तर ती ऐकेल.”

“कुमसारात ऐकलेला शब्द मला बाहेर नेता येत नाही. गळ्यावर सुरी ठेवली तरी नाही. पण तू असं कर. त्यांना घेऊन माझ्या घरी ये. तिथे तू मला सगळं पुन्हा सांग, त्यांच्या देखत. मग ते कुमसारातलं राहणार नाही. मग मी हजार वेळा सांगेन.”

मी जवळजवळ धावतच घरी आले.

“आये, माझ्यासोबत फादरांच्या घरी चल. आत्ता.”

“कशाला?”

“ते तुला सांगतील. माझ्याकडे पाप नाय.”

“माफी मिळाली?”

“माफी द्यायला काय नव्हतंच, आये. चुकून झालं सगळं. त्यांच्या बोलण्यात...”

“म्हणजे मिळाली.” तिने कपाळा-छातीवर क्रूसाची खूण केली, डोळे मिटले, आणि तिचा चेहरा सैल झाला. किती दिवसांनी झाला असेल! “देवा, तुझे उपकार. आता पुरे झालं. फादरच्या घरी जाऊन आणखी कशाला बोभाटा? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आये, ऐक तरी.”

“ऐकलं. माफ झालं ना? मी पण माफ केलं.” आणि तिने माझ्या गालावर हात फिरवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. माझ्या पापावर तिने जी माया केली, ती माझ्या चांगुलपणावर कधी केली नव्हती. मी किती ओढलं, तरी ती घरातून हलली नाही. त्या संध्याकाळी रोजारीचे दोन भाग तिने मला परत दिले.

दुसऱ्या दिवशी फादर प्रवचनाला उभे राहिले आणि हातातला कागद बाजूला ठेवला. ते म्हणाले, “मागच्या महिन्यात मी एक वाक्य चुकीचं बोललो. जिचं पोट पडतं, तिच्याकडे पाप नाही. तिच्याकडे दुःख आहे, आणि तिला आपण जवळ घ्यायला हवं. पाप पाडण्यात आहे. पडण्यात नाही.” त्यांच्या तोंडी ‘पोट पडलं’ ऐकून मागे कोणीतरी फिसकन हसलं. पण म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. प्रत्येकीचं कधी ना कधी एखादं पडलेलं असणार, आणि आजवर देवळात कोणी त्याचं नाव घेतलं नव्हतं. फादरांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. जेवढं करता येत होतं, तेवढं त्यांनी केलं.

मग रांगा उठल्या आणि मीही उठले. अख्खं देऊळ माझ्याकडे पाहत होतं. फादरांनी ख्रिस्तप्रसाद माझ्या जिभेवर ठेवला, तेही सगळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, सुटले.

मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर बेनेदिताने मला गाठलं. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

“बिशपने माफ केलं ना गो? बरं झालं, बाय. फादरने किती सांभाळून घेतलं तुला! मी तर घरी सांगितलं, माणसाकडून चूक होते.”

“बेनेदिता, माझं पडलं.”

“हो, हो,” ती म्हणाली आणि माझा हात दाबला. “फादर बोलले ना तसं.”

तेव्हा मला कळलं, की मी बसून राहिले तेव्हा लोकांना नुसता संशय होता. मी उठले तेव्हा त्यांची खात्री झाली. माफी मिळाली, म्हणजे गुन्हा होता. पुढे फादरांची बदली झाली, काही वर्षांनी ते वारलेही. तोंड मिटूनच गेले बिचारे. त्यांना बंधन होतं. मला नाही, म्हणून मी सांगते आहे. पण त्या दिवसांत मी एकाच माणसाची वाट पाहत होते. वाटायचं, जगाचं काय घेऊन बसायचं? इनास येईल, त्याला मी सगळं सांगेन. त्याला कळलं की झालं.

जानेवारीत तीन राजांचा सण झाल्यावर इनास आला. आला त्या दिवशी आयने त्याला आत नेऊन बराच वेळ काही सांगितलं. मी चुलीपाशी होते. त्यानंतर तो जेवला, कमी जेवला, आणि म्हणाला, “चल, बावखलाकडे जाऊन येऊ.” आमच्याकडे वाड्यांना पाणी द्यायला तळी असतात, त्यांना बावखल म्हणतात. उन्हं उतरत होती. काठावर आम्ही दोघं बसलो. त्याने बराच वेळ गवताच्या काड्या मोडल्या.

“आयने सांगितलं,” तो म्हणाला.

“मला सांगू दे.”

“आधी माझं ऐक. मी वाटेत कोणाकडून ऐकलं असतं, तर काय केलं असतं, मला ठाऊक नाय. पण आयने नीट सांगितलं. तुला एकटीला टाकून मी महिनोन्‌महिने जातो, माझी पण चूक हाय. बोटीवर आम्ही पण काय देवदूत नसतो.” त्याने काडी पाण्यात टाकली. “देवाने माफ केलं, बिशपने केलं, मग मी कोण मोठा लागून गेलो? मी पण केलं. कोणाचं होतं ते मी विचारणार नाय. आज नाय, कधीच नाय.”

तो शब्दाचा पक्का निघाला. चाळीस वर्षं आम्ही संसार केला, दोन मुलं झाली. भांडणात त्याने मला हजार गोष्टी ऐकवल्या, पण ही एक कधी काढली नाही. गावात लोक त्याचं उदाहरण द्यायचे.

मी त्याच्यासमोर सरकून बसले. त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. मला एकही शुद्ध शब्द वापरायचा नव्हता.

“माझ्याकडे बघ. तुझं होतं. तू गेलास तवाच राहिलं होतं, मला नंतर कळलं. मी वाडीत पानं खुडत होते आणि पोट पडलं. मी पाडलं नाय. पडलं. आपलं बाळ होतं आणि ते पडलं.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याचे डोळे भरले. मला वाटलं, पोचलं. मग त्याने लहान पोरीच्या डोक्यावर ठेवतात तसा माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“बरोबर,” तो म्हणाला. “कोणी विचारलं, तर दोघांनी असंच सांगायचं.”